गच्चीवर घिरट्या घालणारा ड्रोन कुणाचा?

प्रश्न जुन्या नाशकातल्या दोन शेजाऱ्यांचा आहे. एक गणेश मंडळाचे जुने कार्यकर्ते, दुसरे मशिदीच्या ट्रस्टवर. शांतता समितीच्या बैठकीत दोघे एकाच बाकावर बसतात, म्हणून प्रश्नही मिळून विचारलाय. विसर्जनाला, ईदला, रामनवमीला गल्लीवर पोलिसांचा ड्रोन फिरतो. गच्चीवर बायकापोरं असतात, खाली कुठे आरती तर कुठे नमाज चालू असते. हा ड्रोन आमची राखण करतो की आमच्यावर पाळत ठेवतो? मागे एकदा तो मशिदीवरून अचानक भिरकन वर निघून गेला आणि दोन दिवस मोहल्ल्यात अफवांना ऊत आला होता. कुंभात तर असे किती येतील देव जाणे. मग आम्ही आत्तापासून काय मागून ठेवावं?

आधी माझं सांगतो, म्हणजे मी कुठल्या बाजूने बोलतोय ते कळेल. मी पोलीस नाही. लग्नाच्या शूटिंगपासून ड्रोन उडवायला लागलो, पुढे गारपिटीनंतर द्राक्षबागांची पाहणी केली आणि गेली आठ-नऊ वर्षं सणावारी बंदोबस्ताला भाड्याने जातो. म्हणजे ड्रोन माझा, परवाना माझा, पण कॅमेरा कुठे वळवायचा ते शेजारी उभे असलेले साहेब सांगतात. गच्चीवरून चप्पल दाखवणारी आजी मी पाहिली आहे, आणि "जरा खाली घे रे, काही दिसत नाहीये" म्हणणारे साहेबही.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे दोन्ही. तेच यंत्र सकाळी राखण करतं आणि संध्याकाळी पाळत ठेवू शकतं. ते किती उंचीवर आहे, त्याला कुठली लेन्स आहे आणि पडद्यासमोर बसलेल्या माणसाला काय शोधायला सांगितलंय, यावर सगळं अवलंबून.

उंचीचं गणित एकदा नीट समजून घ्या, कारण बैठकीत नेमकी इथेच गोलमाल होते. साधा फोर-के कॅमेरा, रुंद लेन्स आणि ६० मीटर उंची धरा, म्हणजे वीसेक मजली इमारतीएवढी. या चित्रात जमिनीचा साधारण ९० मीटर रुंद पट्टा येतो आणि तो ३८४० ठिपक्यांत वाटला जातो. एका मीटरला चाळीसेक ठिपके. माणसाचं डोकं पंधरा-सोळा सेंटीमीटर रुंद, त्याच्या वाट्याला सहा-सात ठिपके येतात. त्यात कॅमेरा सरळ खाली बघत असेल तर दिसते टोपी, फेटा नाहीतर टक्कल. अशा चित्रावरून "अमक्याचा पोरगा मिरवणुकीत होता" असं कुणी सांगत असेल तर तो थापा मारतोय. पण त्याच उंचीवर दहापट झूमचा कॅमेरा लावून कोन तिरका केला, की सहाचे साठ-सत्तर ठिपके होतात आणि चेहरा ओळखता येतो. गच्चीत वाळत घातलेल्या लुगड्याचा काठही मोजता येतो.

म्हणून बैठकीत "किती ड्रोन लावणार?" असं विचारून फार काही हाती लागत नाही. झूमचा कॅमेरा आहे का, आणि तो कुणाच्या हुकमाने वापरतात, हे विचारा. समोरचे साहेब जरा सावरून बसतील.

गर्दीसाठी ड्रोन कामाचा आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. नाशिककराला तर ते पटवावंही लागू नये. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. साधूंनी उधळलेली नाणी उचलायला लोक वाकले आणि मागचा लोंढा त्यांच्यावर आला, असं तेव्हा सांगितलं गेलं. नाणी निमित्त झाली. मागच्याला पुढचं दिसत नव्हतं, हे त्या उतारावरचं खरं दुखणं. पुढे माणसं पडली आहेत हे पन्नास हातांवरच्या माणसाला कळत नाही. तो आपला "चला, चला" करत रेटत राहतो.

सपाट रस्त्यावर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसं सुखरूप जातात. पायऱ्या असतील तर पासष्टच्या आसपास. तीन मीटरची गल्ली असेल तर तासाला चौदा-साडेचौदा हजार, बस्स. वरून वीस हजार सोडले तर उरलेले कुठे जाणार? ते गल्लीतच साठतात. एका चौरस मीटरमध्ये चार माणसांपर्यंत माणूस आपल्या पायांनी चालतो. पाच-सहाच्या पुढे गेलं की त्याचे पाय त्याचे राहत नाहीत, अंगाला अंग लागून सगळा जमाव पाण्यासारखा हलायला लागतो. जमिनीवर उभ्या हवालदाराला ते दिसत नाही. त्याला समोरची चार डोकी दिसतात. वरून मात्र स्पष्ट दिसतं. ज्वारीच्या शेतावरून वाऱ्याची झुळूक जावी तशी डोक्यांमधून लाट सरकते. ती लाट दिसली की आमच्या हातात थोडीच मिनिटं असतात. तेवढ्यात पार मागे, मालेगाव स्टँड नाहीतर पंचवटी कारंजाच्या बाजूला, माणसांची आवक थांबवावी लागते. पुढे ढकलून उपयोग नसतो.

या सगळ्या कामात एकही चेहरा लागत नाही. रात्री थर्मल, म्हणजे अंगाची उष्णता टिपणारा कॅमेरा लावला तर माणसं म्हणजे नुसते उजळ ठिपके दिसतात, तरी गर्दीचा दाब बरोबर कळतो. मी तर म्हणेन, गर्दीच्या कामाला थर्मलच चांगला. डीजेच्या लेझरने साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर भाजतो, माझे दोन गेलेत. थर्मलला तो त्रास फारसा होत नाही.

आता दुसरी बाजू. प्रयागराजच्या महाकुंभात २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे संगमाच्या टोकाला चेंगराचेंगरी झाली आणि सरकारी आकड्यानुसार ३० जण गेले. तिथे २७०० च्या आसपास कॅमेरे होते, त्यातले कितीतरी गर्दी मोजणारे, शिवाय ड्रोन. दिसत होतं, पण दिसल्यावर रस्ता मोकळा करायला जमिनीवर जागा आणि माणसं लागतात. उलट उदाहरण आपलंच आहे. २०१५ च्या सिंहस्थात, २९ ऑगस्टच्या पहिल्या शाहीस्नानाला इतके बॅरिकेड्स लावले आणि लोकांना इतकं चालायला लावलं की भाविक वैतागले, पुढच्या पर्वणीला नियम सैल करावे लागले. चेंगराचेंगरी झाली नाही हे खरं, पण तो काठावरचा हिशोब होता. त्याच कुंभात नाशिकच्या एका शाळकरी मुलाने रस्त्यावर अंथरायची चटई केली होती, तिच्यावरून जाणाऱ्यांची पावलं मोजली जात. मला ती कल्पना आजही ड्रोनपेक्षा आवडते. तिला माणूस कुठल्या धर्माचा, बाई की बुवा, काही कळत नाही. पाय पडला, एक आकडा वाढला.

आता तुमच्या मनातला खरा विषय, गच्ची.

मिरवणुकीआधी गच्च्या तपासतात हे खरं आहे आणि त्याला कारणही आहे. वाकडी बारवेपासून निघालेली विसर्जन मिरवणूक चौक मंडई, दूध बाजार, भद्रकाली अशी ज्या गल्ल्यांतून जाते, तिथे दोन्ही बाजूंना दोन-तीन मजली वाडे आहेत. वरून एक वीट पडली तरी खाली काय होईल ते सांगायला नको. एप्रिल २०२५ मध्ये काठे गल्लीत धार्मिक स्थळावरच्या कारवाईच्या वेळी दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले, ते सगळ्यांना आठवतं. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी पोलिसांना गच्ची बघावीशी वाटली तर मी त्यांना दोष देणार नाही.

पण कुठली गच्ची? एका वर्षीची गोष्ट सांगतो. गाव, ठाणं, सण काही सांगत नाही. मला दिलेल्या यादीत रस्त्याच्या एकाच बाजूची घरं होती. मी म्हटलं, साहेब, मिरवणूक मधून जाते, मग दोन्ही बाजू बघू या ना. साहेब समजूतदार होते. म्हणाले, घे दोन्ही. घेतल्या. एका बाजूच्या गच्चीवर विटांचा ढीग आणि वाळू दिसली. सगळे टवकारले. माणूस पाठवला तर तिथे संडासाचं काम निघालेलं. दुसऱ्या बाजूला तसाच ढीग, तिथे गवंडी भिंत चढवत होता. दोन्ही घरमालकांनी ताडपत्री टाकली, विषय संपला.

खरा घोळ नंतर झाला. त्या पहिल्या ढिगाचा एक स्क्रीनशॉट कुणीतरी मोबाइलने पडद्यावरून काढला आणि संध्याकाळपर्यंत तो "गच्चीवर दगडांचा साठा" म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरत होता. वरून काढलेला फोटो, कोपऱ्यात तारीख-वेळ, म्हणजे लोकांना तो सरकारी पुरावाच वाटला. संडासाचं काम करणाऱ्या माणसाला आठ दिवस दुकान बंद ठेवावं लागलं. फोटो कुणी फोडला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पडदा ज्या गाडीत होता तिच्यात त्या दुपारी किती जण चढले-उतरले याची नोंदच नव्हती. त्यात मीही होतो, माझा मदतनीस होता, चहा घेऊन आलेला पोरगा होता.

तेव्हापासून मी एक अट घालतो. पडद्याच्या गाडीत मोबाइल नाही, माझाही नाही. बाहेर एक ट्रे ठेवायचा, मोबाइल त्यात. पहिल्यांदा सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. एका अधिकाऱ्याने तर "तू आम्हाला नियम शिकवणार का?" असंही सुनावलं. आता बरेच जण स्वतःहून ठेवतात, कारण फुटेज फुटलं की गळ्याशी कुणाच्या येतं हे त्यांनाही कळलंय.

न्यायालयातला पुरावा ही वेगळी गोष्ट. ड्रोनचं चित्र कोर्टात चालायला हवं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा, एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. व्हॉट्सअॅपवर फिरलेली, कापलेली, वर गाणं चिकटवलेली क्लिप या कसोटीला टिकत नाही. तुमच्या गल्लीची अशी क्लिप कुणी दाखवली तर मूळ फाइल कुणाकडे आहे आणि तिचा हॅश काय, एवढंच विचारा. मूळ फाइल तुमच्या बाजूचीही साक्ष देते, हे विसरू नका. दगड कुठून आला हे सांगणारं फुटेज जसं आरोपीला अडकवतं तसं निर्दोषाला सोडवतं. म्हणून "फुटेज लगेच पुसा" अशी मागणी करू नका असं मी सांगतो. गुन्हा दाखल झाला असेल तर खटला संपेपर्यंत ठेवा, नसेल तर महिन्याभरात पुसा आणि पुसल्याची नोंद ठेवा, अशी मागणी करा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ड्रोन नियम २०२१ च्या ऑगस्टमध्ये आले. लष्कर, नौदल आणि वायुदलाला ते लागू नाहीत. पोलीस त्या सवलतीत नाहीत, त्यांच्याही ड्रोनला नोंदणी क्रमांक आणि उडवणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं. मात्र या नियमांचा सगळा भर विमानांच्या सुरक्षेवर आहे. कुणाच्या गच्चीत डोकावायचं नाही, फुटेज किती दिवस ठेवायचं, असलं काही त्यात सापडणार नाही. तिथे आधार २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायद्याचा आधार हवा, गरज हवी आणि गरजेपुरताच हात घालायला हवा, असं सांगितलं. गरजेपुरता हा शब्द बैठकीत वापरा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यावर फार भिस्त ठेवू नका, कायदा-सुव्यवस्थेच्या नावाखाली सरकारी यंत्रणांना सूट द्यायची सोय त्यात आहे.

आणखी एक रेघ मला स्वतःला महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर आंदोलक शेतकऱ्यांवर हरियाणा पोलिसांनी ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी टाकली. बघणारा ड्रोन आणि टाकणारा ड्रोन लांबून सारखेच दिसतात. ते दृश्य टीव्हीवर पाहिल्यानंतर पुढचे काही महिने मला मिरवणुकीत लोकांच्या नजरेत फरक जाणवत होता. त्याच वर्षी पावसाळ्यात मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनची धास्ती पसरली, चोर टेहळणी करतात म्हणून गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली. तेव्हा मी स्वतः एका गावात शेताची मोजणी सोडून गाडीत बसून निघून आलो. उगाच कशाला डोकं फोडून घ्या! धार्मिक जमावावर काहीही टाकणारा ड्रोन आणणार नाही, एवढं पोलिसांनी आधीच जाहीर केलं तर आमचंही काम सोपं होईल.

प्रार्थनेच्या वेळेचं काय? याला कुठेही लिखित नियम नाही, अनुभवातून ठरत गेलं. ईदगाहवर मी पहिल्यांदा उडवला तेव्हा खुतबा, म्हणजे इमामांचं प्रवचन, चालू असताना चाळीस मीटरवर होतो. चार पंख्यांचा तो गुंईं आवाज शांततेत किती लांब जातो हे मला कळलं नव्हतं. नंतर एका ज्येष्ठांनी बाजूला घेऊन सांगितलं, "बेटा, डास कानाशी असला की सज्द्यात मन लागत नाही." तेव्हापासून नमाजच्या आधी एक फेरी आणि नमाज सुटताना दुसरी, मधल्या वेळेत ड्रोन जमिनीवर. सुरक्षेला काही तोटा होत नाही, कारण रांगेत बसलेला जमाव सगळ्यात सुरक्षित असतो. धोका असतो सुटताना, सगळे एकदम चपला शोधतात तेव्हा.

मंदिरांच्या बाबतीत अडचण वेगळी. पुष्कळ भाविकांना कळसाच्या वरून काही उडालेलं खपत नाही. काळारामाच्या परिसरात मी कळसाला वळसा घालतो, तसंही शिखराजवळ वारा भोवरा खातो. कामदा एकादशीच्या रथाला गर्दी रथाच्या दोऱ्यांपाशी असते, कळसापाशी बघायला काही नसतंच. रामकुंडावर स्नान करणाऱ्या बायकांवर कॅमेरा जाणार नाही अशा कोनात ड्रोन ठेवता येतो. घाटाकडे येणाऱ्या वाटा बघायच्या असतात, पाणी बघायला काठावर जीवरक्षक आहेत. रंगपंचमीच्या रहाडींना, म्हणजे रंगाने भरलेल्या जुन्या हौदांना, मी साफ नाही म्हणतो. पोरं रंगात उड्या मारत असतात, वर ड्रोन दिसला की त्याच्याकडे बघत उडी मारतात आणि दुसऱ्याच्या डोक्यावर पडतात.

यावरून आठवलं. ड्रोन फार खाली आला की लोक थांबून वर बघतात, हात हलवतात, पोरांना खांद्यावर घेतात. चालती गर्दी थांबते. गर्दीच्या पाहणीसाठी आलेला ड्रोनच कोंडी करतो! "खाली घे" म्हणणाऱ्या साहेबांना मी हेच सांगतो. धर्मभावनेचं कारण न पटणाऱ्यालाही हे कारण पटतं.

ड्रोनला काय दिसत नाही तेही सांगायला हवं. ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात शब-ए-बारातच्या दिवशी बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. स्फोटकं सायकलींना लावलेली होती. वरून बघणाऱ्याला ती फक्त सायकल दिसली असती, शंभरातली एक. "ही सायकल आपल्यातल्या कुणाची नाही" हे ओळखणारा माणूस गल्लीतला असतो. चपला सांभाळणारा, पार्किंगला शिट्टी घेऊन उभा राहणारा स्वयंसेवक, तो. अशा माणसाला पोलिसांशी बोलावंसं वाटतं का, यावर धार्मिक स्थळाची सुरक्षा उभी असते. ड्रोनमुळे मोहल्ला जर मुका झाला तर पोलिसांचं नुकसान कॅमेऱ्याने भरून निघणार नाही. हे मी साहेब लोकांनाही तोंडावर सांगतो. काही हसतात, काही वहीत लिहून घेतात.

आता कुंभ. नाशिकला अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला आहेत, त्र्यंबकला तिसरं १२ सप्टेंबरला. तारखा बघा, भर पावसाळा आहे. प्रयागचा कुंभ थंडीत, कोरड्या हवेत झाला. आपल्याकडे त्र्यंबकला ऑगस्टमध्ये ब्रह्मगिरीवरून ढग उतरले की कुशावर्ताच्या काठावरूनही समोरचं दिसत नाही, मग वरून काय दिसणार! बहुतेक ड्रोन पावसात उडत नाहीत. बॅटरीचा ड्रोन तसाही अर्धा तास टिकतो. वायरने जमिनीवरून वीज घेणारा ड्रोन तासन् तास वर राहतो, घाटांसाठी तोच योग्य, पण वारा-पावसात तोही उतरवावा लागतो. त्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं तर घाटाची रुंदी तासाभरात बदलते आणि सकाळचं गणित दुपारी चुकतं. ड्रोन खाली असताना काय करणार, हा प्रश्न तुम्ही नक्की विचारा. चटई, उंच मचाणावरचा माणूस, वॉकीटॉकी, यापैकी उत्तरात काही आलं नाही तर काळजी करा.

नाशिकचं आकाशही सोपं नाही. ओझरचं विमानतळ, देवळालीची छावणी, गांधीनगरचं लष्करी हवाई तळ, नाशिकरोडची नोटा छापणारी प्रेस. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला उडवायचं म्हटलं तरी प्रेसच्या बाजूला कॅमेरा किती वळतो याची काळजी घ्यावी लागते. त्यामुळे कुणाचा ड्रोन वर आहे याचा हिशोब पोलिसांकडे असतोच, असायलाच लागतो. तोच हिशोब तुम्हाला सणाआधी बैठकीत सांगायला हरकत नसावी. ड्रोन किती, कुठल्या वेळेत, उडवणारा पोलीस की भाड्याचा, फुटेज कुठल्या अधिकाऱ्याच्या ताब्यात. आणि तक्रार आली तर तो अधिकारी, मंडळाचा एक आणि ट्रस्टचा एक, असे तिघं बसून ते फुटेज बघतील, एवढं बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी आश्वासन नको. साहेबांची बदली होते, इतिवृत्त राहतं. नंतर माहिती अधिकारात तेच मागता येतं.

चेहरा ओळखणारी प्रणाली ड्रोनला जोडणार असतील तर माझा वैयक्तिक विरोध आहे. हरवलेल्या म्हाताऱ्या-पोरांसाठी ती हवी असते, असं सांगतात. हरवलेल्यांसाठी मनगटाला क्रमांकाचा पट्टा बांधा, तो पावसातही वाचता येतो.

तुमच्यापैकी मंडळवाल्यांनी शेवटी विचारलंय, आम्ही आमचा छोटा ड्रोन उडवला तर? २५० ग्रॅमच्या आतल्या खेळण्यासारख्या ड्रोनला उडवणाऱ्याचं प्रमाणपत्र लागत नाही हे खरं. पण मोठ्या सणाला पोलीस तात्पुरता लाल पट्टा, म्हणजे उड्डाणबंदीचा भाग, जाहीर करू शकतात, एका वेळी ९६ तासांपर्यंत, आणि त्यात छोटा-मोठा सगळेच आले. दंड एक लाखापर्यंत जातो. त्याहून मोठं कारण म्हणजे वर तुमचा ड्रोन दिसला की खाली आम्हाला तो कुणाचा, कशासाठी, हे शोधायला दहा मिनिटं जातात आणि तेवढा वेळ गर्दीवरचं लक्ष सुटतं. ढोलपथकाचं शूटिंग गच्चीवरून करा. मालकाला विचारून.

आणि तो मशिदीवरून भिरकन वर गेलेला ड्रोन. तो माझाच असण्याची शक्यता आहे. दूध बाजार ते भद्रकालीच्या पट्ट्यात मटणाच्या दुकानांमुळे घारी फार, आणि सकाळी दहानंतर हवा तापली की त्या ड्रोनला आपल्या हद्दीत शिरलेला दुसरा पक्षी समजून झेपावतात. घार मागे लागली की आडवं पळून उपयोग नाही, सरळ वर जायचं, तेवढ्या वेगाने तिला चढता येत नाही. त्या दिवशी घार माझ्या पंख्याला पंजा लावून गेली होती, एक पातं चिरलं. मी खाली उतरवून पातं बदललं आणि समोरच्या टपरीवर चहा घेतला. कुणी येऊन विचारलं असतं तर तिथेच सांगितलं असतं.